पातळ तळाचे बूट आणि पायाला लागणारा वेळ

सकाळी सहाच्या सुमारास नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर फिरायला येणाऱ्यांच्या पायांकडे पाहिले, तर दोन अगदी उलट तऱ्हेचे बूट दिसतात. बहुतेकांच्या पायांत उंच, फुगीर तळाचे बूट असतात आणि मधूनच एखाद्याच्या पायात बोटांकडे पसरट, तळाला जेमतेम जाडी असलेले, मोज्यासारखे लवचीक बूट असतात. या दुसऱ्या प्रकाराला 'बेअरफूट शूज' म्हणतात. ते घातले की गुडघेदुखी थांबते, कंबर सुधारते, सपाट पावलाला कमान येते, अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात आणि मग फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे तेच प्रश्न येतात.

आमच्या शेजारच्या काकांनी प्रश्न विचारण्याआधीच बूट घेतले होते. मुलाने पाठवलेले ते बूट त्यांनी पहिल्याच दिवशी घातले आणि सिमेंटच्या रस्त्याने नेहमीचे सहा किलोमीटर चालून आले. पहिले काही दिवस पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा त्यांना व्यायाम लागू पडल्याचे समाधान वाटले. तिसऱ्या आठवड्यात ते आमच्या ओसरीत खुर्चीवर बसले, उजवा मोजा काढला आणि पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, एका जागी बोट ठेवले. तिथे किंचित सूज होती आणि दाबल्यावर नेमकी तेवढीच जागा ठणकत होती. "चालणं तं माझं तेवढंच आहे, मग हे वरून काहून दुखून राह्यलं?" असे त्यांनी विचारले. चालणे तेवढेच, माणूस तोच, रस्ताही तोच. बदलला तो फक्त बूट. तरीही पाऊल का दुखावले, हे समजले की या बुटांविषयीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

या बुटात काय नसते

बेअरफूट बुटाची ओळख त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यावरून होते. २०१५ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून अशा बुटांची व्याख्या ठरवली. पावलाच्या नैसर्गिक हालचालीत कमीत कमी अडथळा आणणारा, लवचीक, हलका आणि कमी जाडीच्या तळाचा बूट, ज्यात पाऊल वळू नये म्हणून घातलेला कोणताही आधार नसतो, असा तिचा आशय आहे. त्यात आणखी एक गोष्ट मोजली जाते, ती म्हणजे 'ड्रॉप'. टाचेखालच्या तळाची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. धावण्याच्या नेहमीच्या बुटात तो साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, म्हणजे आपली टाच सतत बोटभर उंचीवर राहते. बेअरफूट बुटात ड्रॉप शून्य असतो आणि तळाची एकूण जाडीही बहुधा ३ ते ८ मिलिमीटरच्या आसपास असते. 'मिनिमलिस्ट' हा शब्द थोडा व्यापक आहे. त्यात थोडी गादी आणि थोडा ड्रॉप असलेले मधल्या पायरीचे बूटही येतात.

फुगीर तळाचे बूट आपल्याला इतके सवयीचे झाले आहेत की ते पूर्वापार असावेत असे वाटते. प्रत्यक्षात टाचेखाली जाड गादी असलेला धावण्याचा बूट १९७० च्या दशकातला आहे.

पाऊल नावाची यंत्रणा

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावले मिळून ५२ हाडे झाली, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखाली आहे. इतक्या लहान जागेत इतके तुकडे असण्याचे कारण असे की पावलाला दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. जमिनीवर टेकताना त्याला सैल होऊन खाचखळग्यांशी जुळवून घ्यावे लागते आणि पुढच्याच क्षणी शरीर पुढे ढकलण्यासाठी कडक व्हावे लागते. ही अदलाबदल पावलाची कमान करते. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. कमान हे धनुष्य मानले तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. त्याच्या सोबतीला तळपायातच चार थरांत बसवलेले लहान स्नायू असतात, जे कमान धरून ठेवतात आणि बोटांना जमीन पकडू देतात.

प्लास्टर काढल्यावर हात कसा बारीक झालेला दिसतो, हे अनेकांनी पाहिले असेल. काम नसले की स्नायू आटतो. बूट म्हणजे काही प्लास्टर नव्हे. पण कडक तळ, कमानीखालचा उंचवटा आणि बोटांना आवळणारा पुढचा भाग मिळून या लहान स्नायूंचे बरेचसे काम काढून घेतात. बेअरफूट बुटांच्या बाजूने केला जाणारा मुख्य युक्तिवाद हाच आहे की हे काम स्नायूंना परत द्यावे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. अडचण येते ती हे काम किती वेगाने परत द्यायचे, यात.

भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो

चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा अधिक भार पायावर येतो. धावताना तो वजनाच्या दुपटी-तिपटीवर जातो. बूट कोणताही घातला तरी वजन तेच राहते, म्हणून हा भार कोणाला ना कोणाला उचलावाच लागतो. दोघांनी मिळून धान्याचे पोते उचलले आणि एकाने हात सैल केले की वजन दुसऱ्याच्या खांद्यावर येते, तसेच इथे घडते. जाड टाचेच्या बुटात धावणारा माणूस बहुधा टाच आधी टेकतो आणि गुडघ्याला अधिक काम पडते. पातळ तळाच्या बुटात टाच आपटली की लगेच लागते, त्यामुळे पावले आपोआप लहान होतात आणि पुष्कळ जण चवडा आधी टेकू लागतात. गुडघ्यावरचा भार हलका होतो. तेवढाच तो पोटरीवर, टाचेमागच्या जाड कंडरेवर (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात) आणि चवड्याच्या लांब हाडांवर जातो. शिवाय ड्रॉप नाहीसा झाल्याने टाच एकदम खाली येते आणि वर्षानुवर्षे आखूड राहिलेली पोटरी प्रत्येक पावलाला ताणली जाते.

काकांच्या चवड्याच्या हाडाचे जे झाले, त्याचे कारण हाडाच्या डागडुजीच्या रीतीत आहे. हाडावर नवा ताण आला की ते मजबूत होते, हे खरे. पण मजबूत होण्याआधी ते काही काळ कमकुवत होते. जुन्या भिंतीला नवा गिलावा करायचा तर आधी सुटलेला गिलावा खरवडून काढावा लागतो. हाडातही आधी जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी कामाला लागतात. हे काम काही आठवड्यांत होते आणि त्या जागी नवे हाड भरून पक्के व्हायला त्याहून कितीतरी जास्त, सुमारे तीन महिने लागतात. भिंत खरवडलेली असताना तिच्यावर रोज घण घातला तर तडा जातो. अशा बारीक तड्याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतही नाही, म्हणून "एक्स-रे चांगला आला" एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कंडरा आणि हाडे महिने घेतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोटऱ्या दुखेनाशा होतात, माणसाला वाटते की आता सवय झाली, आणि तो अंतर वाढवतो. हाडाचे काम त्या वेळी अर्धवट झालेले असते.

"ऑलिंपिक तर अनवाणी पायांनी जिंकले गेले आहे"

हे खरे आहे. इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमधील मॅरेथॉन अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. पण त्यांना अनवाणी धावण्याची आधीपासून सवय होती, हे विसरून चालणार नाही. आणि १९६४ मध्ये टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले, ते बूट घालून आणि आधीच्याहून सुमारे तीन मिनिटे कमी वेळात.

संशोधनाचे चित्रही असेच दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सदैव अनवाणी धावणारे लोक बहुधा चवडा आधी टेकतात आणि त्यांना जमिनीचा सुरुवातीचा धक्का कमी बसतो. या निष्कर्षाने बेअरफूट बुटांच्या लाटेला बळ मिळाले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील अभ्यासात सरावाच्या धावपटूंना दहा आठवडे टप्प्याटप्प्याने पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणले, तेव्हा १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या निदान एका हाडाच्या आत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. दहा आठवडे म्हणजे पुष्कळ झाले, असे कोणालाही वाटले असते. पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, अशा बुटांची प्रसिद्ध उत्पादक कंपनी व्हायब्रॅम हिने आरोग्यविषयक दाव्यांना पुरेसा पुरावा नसल्याच्या अमेरिकेतील खटल्यात ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली.

आता दुसरी बाजू. धावण्याऐवजी केवळ रोजच्या चालण्यासाठी असे बूट वापरणाऱ्यांवर झालेले अभ्यास अधिक आश्वासक आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या अभ्यासात सहा महिने दैनंदिन व्यवहारात पातळ बूट वापरल्यावर पावलांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणून माझे मत असे की पावले बळकट करण्याचे साधन म्हणून हे बूट चांगले आहेत, दुखापत टाळण्याची हमी म्हणून नाहीत, आणि त्यांची खरी जागा चालण्यात आहे. धावण्याचा विचार त्यानंतर कितीतरी महिन्यांनी करावा.

"आपण घरात अनवाणीच असतो, मग वेगळी सवय कशाला?"

हा आक्षेप नागपुरात मला सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या, देवळात अनवाणी जाणाऱ्या, उकिडवे बसू शकणाऱ्या माणसाची सुरुवात चांगली झालेली असते. त्याचे घोटे आणि पोटऱ्या बहुधा मोकळ्या असतात. पण घरातले चालणे म्हणजे स्वयंपाकघर ते दिवाणखाना, एका वेळी दहा-वीस पावले. फिरायला गेल्यावर तासाभरात सहा-सात हजार पावले एकाच लयीत, कडक सिमेंटवर पडतात. घरात रोज एक घागर उचलणाऱ्याने एकदम टाकीभर पाणी वाहून आणण्याइतका हा फरक आहे.

"मग कोल्हापुरी चप्पल म्हणजे बेअरफूट बूटच नाही का?" असेही विचारले जाते. तळ जवळजवळ सपाट, बोटे मोकळी, हे दोन गुण तिच्यात आहेत. परंतु तिची टाच बांधलेली नसते. ती पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आखडून धरावी लागतात, आणि त्यामुळे पाऊल मोकळेपणाने पडत नाही. रबरी स्लीपरचे तेच. टाचेमागे पट्टा असलेली सपाट सँडल या दृष्टीने अधिक जवळची.

बूट निवडताना

दुकानात जाण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढावी. बसून नव्हे, उभे राहून, कारण वजन पडले की पाऊल लांब आणि रुंद होते. हे सायंकाळी करावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मागच्या आठवड्यात माझ्या आठवीतल्या मुलीच्या पावलाची अशी रेषा काढली, कापली आणि तिच्या शाळेच्या काळ्या बुटावर ठेवली. करंगळीकडून कागद बोटभर बाहेर आला होता आणि अंगठ्याकडून त्याहून थोडा कमी. तेवढा भाग ती रोज सहा तास आत दुमडून बसत होती, आणि करंगळीवरचे कुरूप कुठून आले, हे मला तेव्हा उमगले.

बेअरफूट बूट घ्यायचे नसतील त्यांनीही ही एक चाचणी जरूर करावी. बुटाचा पुढचा भाग पावलाच्या आकाराचा, म्हणजे बोटांकडे रुंद होत जाणारा हवा. आतली गादी काढता येत असेल तर ती काढून तिच्यावर उभे राहावे आणि कोणतेही बोट काठाबाहेर जात नाही ना, ते पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीची अर्धी-पाऊण जागा मोकळी असावी. बूट हातात घेऊन पोळीसारखा गुंडाळता यायला हवा, आणि टाच व चवडा धरून पिळला तर पिळवटला जायला हवा. नाव बेअरफूट आणि आत कमानीखाली फुगवटा, असा माल बाजारात पुष्कळ आहे. पहिल्या जोडासाठी मी सर्वांत पातळ तळ सुचवत नाही. शून्य ड्रॉप आणि रुंद बोटे यांना मी अधिक महत्त्व देते, तळाची जाडी त्यानंतर.

सवय लावताना नागपूरचे ऋतू लक्षात घ्यावेत

सुरुवात दिवाळीनंतर करावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा डांबर आणि सिमेंट दोन्ही इतके तापतात की ५ मिलिमीटरच्या तळातून चटका जाणवतो, आणि चटका टाळायला माणूस वाकडी पावले टाकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर सपाट तळ घसरतो आणि ओल्या बुटात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे पाच महिने मात्र हाडांना लागणाऱ्या वेळेशीही छान जुळतात.

पहिले दोन आठवडे रोजच्या फेरीतली फक्त दहा मिनिटे नव्या बुटांत चालावे, उरलेले अंतर जुन्या बुटांत. त्यापुढे दर आठवड्याला चार-पाच मिनिटे वाढवावीत, आणि दर चौथ्या आठवड्यात वाढ थांबवून हाडांना उसंत द्यावी. शक्य असेल तेथे मातीची पायवाट निवडावी. अंबाझरीच्या उद्यानात किंवा एखाद्या मैदानाच्या कडेने चालणे सिमेंटच्या रस्त्यापेक्षा बरे. घरी भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश उचलाव्यात आणि त्याहून सावकाश खाली आणाव्यात. खुर्चीवर बसून, बोटे न दुमडता, चवडा टाचेकडे ओढून कमान उंचावण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या दिवशी काहीच हलणार नाही, पंधरा दिवसांनी हलेल.

दुखण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. पोटरीत सगळीकडे पसरलेला, दोन दिवसांत ओसरणारा ठणका अपेक्षित असतो. पावलाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे, पावलाच्या वर आलेली सूज, सकाळी उठताना टाचेमागची कंडरा ताठरणे किंवा पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर बूट त्याच दिवशी बाजूला ठेवावेत आणि डॉक्टरांना दाखवावे.

कोणी हे बूट घेऊ नयेत

येथे मला आग्रहाने सांगायचे आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना हळूहळू जाते आणि ती गेल्याचे रुग्णाला कळत नाही. बेअरफूट बुटाचा सगळा पाया तळपायाला जमीन जाणवण्यावर उभा आहे. जिथे जाणीवच नाही तिथे बाभळीचा काटा पातळ तळातून आत जाईल आणि चार दिवसांनी मोज्यावर डाग दिसेल तेव्हा समजेल. अशांना डॉक्टर मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची चप्पल सांगतात, ती सोडू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या वयातील स्त्रियांनी, आणि पायात रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनीही स्वतःच्या मनाने हा प्रयोग करू नये.

मुलांचे काय

मुलांच्या बाबतीत माझे मत बरेच ठाम आहे. लहान मुलाच्या ओल्या पायाचा शहाबादी फरशीवर पूर्ण सपाट ठसा उमटला की पालक घाबरतात आणि कमानीचा आधार असलेले महाग बूट घेतात. पाच-सहा वर्षांपर्यंत असा ठसा उमटणे बहुतेक मुलांत स्वाभाविक असते. कमान त्यानंतर आकाराला येते. १९९२ मध्ये मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के होते. आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते सँडल-चप्पल घालणाऱ्यांपेक्षा जास्त होते. याचा अर्थ मुलांना शेतात किंवा उकिरड्यावर अनवाणी सोडावे असा नाही, कारण माती दूषित असेल तेथे तळपायातून हुककृमी शिरतात आणि विंचू-सापाचे भय आहेच. घरात, अंगणात, स्वच्छ मैदानावर मात्र पाय मोकळे राहू द्यावेत आणि शाळेचा बूट कागदावरच्या रेषेला धरून घ्यावा. मुलीसाठी आम्ही दोन दुकाने फिरून एक आकार मोठा नव्हे, तर पुढून रुंद असलेला बूट शोधला.

काकांच्या पावलाला सहा आठवडे विश्रांती द्यावी लागली. त्या काळात त्यांचे फिरणे बंद होते. ते सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि टाचा उचलण्याचे व्यायाम करत. नवे बूट त्यांनी फेकले नाहीत. मार्गशीर्षात त्यांनी पुन्हा सुरुवात केली, ती जुने बूट पायांत घालून आणि नवे पिशवीत घेऊन. फुटाळ्याच्या काठच्या बाकावर बसून ते बूट बदलतात, घड्याळात पाहून दहा मिनिटे चालतात आणि परत येऊन जुने बूट चढवतात.